बाबांच्या ॲपवर हिरवी टिक होती: कॅलरी मोजणारा फोन आणि प्रश्न विचारणारी डाएटिशियन

मागच्या वर्षी मी बाबांच्या फोनमध्ये एक कॅलरी मोजणारं ॲप टाकून दिलं. बाबा ५८ वर्षांचे, वजन ७४ किलो, उंची १६८ सेंटीमीटर. डायबेटीस आणि बीपी दोन्ही आहेत. सांगलीला दुकान आहे, दिवसभर बसून काम. मी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे दर रविवारी फोनवर 'बाबा, गोड कमी करा' म्हणण्यापलीकडे माझ्याकडून काही होत नव्हतं. ॲप टाकल्यावर वाटलं, चला, आता सिस्टीम लागली.

तिसऱ्या आठवड्यात बाबा दुपारी एका बारशाला गेले. पंगत, जिलेबी, मठ्ठा. सगळं प्रामाणिकपणे ॲपमध्ये भरलं. संध्याकाळी ॲप म्हणालं, आजच्या १,३०० पैकी ६० किलोकॅलरी शिल्लक. म्हणून बाबांनी रात्री भाकरी खाल्ली नाही. काकडीची कोशिंबीर आणि ताक घेतलं, नेहमीची गोळी घेतली आणि झोपले. पहाटे ३ वाजता आईला जाग आली तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते आणि ते 'शटरची किल्ली कुठाय' असं काहीतरी विचारत होते. आईने ग्लुकोमीटर लावला. शुगर ५२.

आईने साखरपाणी दिलं. १५ मिनिटांनी ७८ झाली, मग दूध आणि पोळी दिली, आणि सकाळपर्यंत सगळं ठीक झालं. मी त्या दिवशी दुपारी घरी पोचलो आणि बाबांचा फोन उघडला. आदल्या दिवसावर ॲपने हिरवी टिक दिली होती. खाली लिहिलं होतं, 'शाब्बास! आज तुम्ही लक्ष्याच्या आत राहिलात.'

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. एक, डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाबांना घेऊन डाएटिशियनकडे गेलो. दोन, ती ॲप्स आतून काय करतात हे नीट समजून घेतलं. आजचा लेख या दोन्हींबद्दल आहे. कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असं एखादं ॲप असणार, आणि काहींनी ते माझ्यासारखं आईबाबांच्या फोनमध्येही टाकलं असणार.

ॲपला १,३०० हा आकडा कुठून मिळाला?

यात एआय वगैरे काही नाही. साधं गणित आहे. बहुतेक ॲप्स १९९० मध्ये प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन–सेंट जिओर समीकरण किंवा त्याच्या जवळचं काहीतरी वापरतात. आपण नुसते पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, फुप्फुसं चालवायला शरीराला किती ऊर्जा लागेल, याचा हा अंदाज असतो. पुरुषांसाठी ते असं:

(१० × वजन किलोमध्ये) + (६.२५ × उंची सेंटीमीटरमध्ये) − (५ × वय) + ५

स्त्रियांसाठी शेवटी ५ मिळवण्याऐवजी १६१ वजा करायचे. बाकी सगळं तेच.

बाबांचे आकडे टाकू: ७४० + १,०५० − २९० + ५ = १,५०५. बसून काम करणाऱ्यांसाठी याला १.२ ने गुणतात. झाले १,८०६. मी 'आठवड्याला अर्धा किलो कमी' हा पर्याय निवडला होता. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी, म्हणून अर्ध्या किलोसाठी रोजचे ५०० ते ५५० वजा. उरले साधारण १,३००.

झालं. एवढंच फंक्शन आहे. इनपुट पाच: वजन, उंची, वय, स्त्री की पुरुष, काम किती. आऊटपुट एक आकडा.

आता या फंक्शनला काय माहीत नाही ते बघा. बाबांना डायबेटीस आहे हे माहीत नाही. ते कोणत्या गोळ्या घेतात, कधी घेतात, माहीत नाही. रात्री जेवण आणि सकाळचा नाश्ता यात किती तास जातात, माहीत नाही. ॲप विकत घेताना कुठेतरी एक चेकबॉक्स होता, 'मला कोणताही आजार नाही किंवा मी डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे'. तो मीच टिक केला होता. न वाचता, आपण सगळे करतो तसा.

मग शुगर खाली का गेली?

बाबांच्या संध्याकाळच्या गोळीत दोन औषधं एकत्र होती: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मेटफॉर्मिन एकटं असेल तर शुगर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइड मात्र वेगळ्या गटातलं आहे. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतं. तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. म्हणून या गटातली गोळी घेतली की जेवायलाच लागतं.

दुपारच्या जिलेबीची ऊर्जा ॲपच्या हिशेबात रात्रीही 'खर्च झालेली' म्हणून दिसत होती. पण रक्तातली साखर २४ तासांच्या बेरजेवर चालत नाही. दुपारची साखर दुपारी वर गेली आणि तिचा हिशेब तेव्हाच संपला. रात्री गोळी पोटात, भाकरी नाही, आणि पहाटे ३ ला ५२.

म्हणजे ॲपमध्ये बग नव्हता. जे काम त्याला दिलं होतं ते त्याने बरोबर केलं. काम देणारा मी चुकलो होतो.

घरात कुणी डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर एवढं पाठ ठेवा. ७० मिलीग्राम प्रति डेसिलिटरच्या खाली शुगर म्हणजे लगेच उपाय. १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेच. वर आल्यावर काहीतरी खायला द्यायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट हॉस्पिटल. आणि एकदा असं झालं की डॉक्टरांना कळवायचंच.

डाएटिशियनने पहिली ३५ मिनिटं काहीच सांगितलं नाही

मला वाटलं होतं, मॅडम एक छापील चार्ट देतील. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके, रात्री सूप. प्रत्यक्षात त्यांनी वही काढली आणि विचारायला सुरुवात केली.

"काका, काल उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, क्रमाने सांगा."

याला २४ तासांची उजळणी म्हणतात. ही त्यांच्या कामातली जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत. बाबांनी सांगितलं. चहा?

"दोनदा, बिनसाखरेचा," बाबा म्हणाले.

"घरी," आई म्हणाली.

मग कळलं की दुकानात रोज चार कटिंग होतात, साखरेचे, आणि त्यातल्या दोनांबरोबर बिस्किटं. बाबांनी हे ॲपमध्ये कधीच भरलं नव्हतं. खोटं बोलायचं म्हणून नाही. दुकानातला चहा त्यांच्या लेखी 'खाणं' नव्हताच. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हा घोटाळा ओळखीचा वाटेल. 'माहिती नाही' आणि 'शून्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप मात्र जे भरलं नाही ते शून्य धरतं. मॅडमनी ते शून्य धरलं नाही, त्यांनी आईकडे बघितलं.

पुढचा प्रश्न. "वहिनी, महिन्याला तेल किती लागतं? घरात माणसं किती?"

दोन माणसं, तीन लिटर. मॅडमनी वहीच्या कोपऱ्यात हिशेब केला. माणशी दीड लिटर, म्हणजे सुमारे १,३६५ ग्रॅम. भागिले ३०, रोज ४५ ग्रॅम. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ किलोकॅलरी, म्हणजे रोज ४०० च्या वर फक्त तेलातून.

मी तिथे बसून गार पडलो. कारण त्या ॲपमध्ये ताटाचा फोटो काढायची सोय होती आणि मला ती फार भारी वाटायची.

फोटोतून कॅलरी कशा काढतात, आणि कुठे अडतं

फोटोवाल्या ॲपचं काम चार पायऱ्यांत होतं.

१. ताटातले पदार्थ वेगळे करणं. कुठली कड भाजीची, कुठली भाताची.

२. पदार्थ ओळखणं. लाखो फोटोंवर शिकवलेलं मॉडेल सांगतं, ही पोळी, ही डाळ.

३. किती आहे ते ठरवणं. सपाट फोटोतून आकारमान काढायचं. वाटी किती खोल आहे हे वरून घेतलेल्या फोटोत दिसत नाही, त्यामुळे इथे बराचसा अंदाज असतो.

४. तक्त्यातून आकडा उचलणं. शंभर ग्रॅममागे इतकं, म्हणून एवढ्याचं इतकं.

दुसरी पायरी हल्ली बरीच सुधारली आहे. तिसरी अजून कच्ची आहे. आणि तेल, साखर, मीठ, दाण्याचं कूट या गोष्टी पदार्थात मिसळल्या की कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. एका चमच्याच्या फोडणीची मटकीची उसळ आणि चार चमच्यांची उसळ फोटोत जवळजवळ सारखीच दिसेल. एक छोटा चमचा तेल म्हणजे ४० किलोकॅलरी. तीन चमच्यांचा फरक म्हणजे १२० चा घोळ, एका भाजीत.

चौथ्या पायरीतही गंमत आहे. बाबांच्या ॲपमध्ये 'ज्वारीची भाकरी' शोधली तर वापरणाऱ्यांनीच भरलेल्या कितीतरी नोंदी आल्या. एकीत ११० किलोकॅलरी, दुसरीत २१०. आईची भाकरी मी काट्यावर तोलली. एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ. शंभर ग्रॅम ज्वारीमागे साधारण ३३४ किलोकॅलरी धरल्या तर एक भाकरी २५० ची. ॲपमधली पहिली नोंद निवडणारा माणूस रोज दोन भाकऱ्यांत २८० किलोकॅलरी कमी मोजणार.

भारतीय पदार्थांचा चांगला डेटा नाहीच, असं मात्र नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांची प्रयोगशाळेत तपासणी केली. पण ते आहेत मुख्यतः कच्च्या मालाचे: ज्वारी, मेथी, तूरडाळ. 'सांगलीतल्या आमच्या घरचं भरलं वांगं' कुठल्याच तक्त्यात नसतं. कच्च्या मालापासून तुमच्या ताटापर्यंतचं अंतर कुणीतरी विचारून, मोजून भरावं लागतं. तेच मॅडम करत होत्या.

मनगटावरच्या घड्याळाचंही असंच. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात फिटनेस बँड तपासले. हृदयाचे ठोके सातपैकी सहांनी चांगले मोजले, चूक ५ टक्क्यांच्या आत. पण खर्च झालेल्या कॅलरींत सगळ्यांत अचूक बँडचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. घड्याळं त्यानंतर सुधारली आहेत, पण ठोके प्रत्यक्ष मोजले जातात आणि कॅलरींचा अंदाज बांधला जातो, हा फरक तसाच आहे. त्यामुळे 'घड्याळाने ४०० जाळल्या म्हणून एक वडापाव चालेल' हा हिशेब करू नका.

मीठ कोणतं वापरता?

हा प्रश्न मॅडमनी सहज विचारला आणि मी अभिमानाने उत्तर दिलं. बीपी आहे म्हणून मी ऑनलाइन 'लो सोडियम' मीठ मागवलं होतं. चार महिने घरात तेच.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. फाइलमधले रिपोर्ट काढले, बीपीच्या गोळीचं नाव बघितलं. बाबांचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतं, म्हणजे किडनी पूर्ण जोमाने काम करत नव्हती. गोळी होती टेल्मिसार्टन.

भानगड अशी. लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडन्या धडधाकट असतील तर जास्तीचं पोटॅशियम लघवीतून निघून जातं आणि अशा मिठाचा बीपीला फायदाच होऊ शकतो. पण किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साठायला लागतं. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधंही पोटॅशियम वाढवू शकतात. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते, आणि तोपर्यंत बहुतेक वेळा काही जाणवतही नाही.

"डॉक्टर सांगेपर्यंत साधंच मीठ वापरा, पण कमी," मॅडम म्हणाल्या, आणि डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. पोटॅशियमची तपासणी केली. ते वरच्या सीमेला टेकलेलं निघालं. मीठ बदलल्यावर पुढच्या तपासणीत खाली आलं.

मी ते मीठ मागवण्याआधी एका चॅटबॉटला विचारलं होतं, 'बीपी असेल तर कोणतं मीठ चांगलं?' उत्तर व्यवस्थित होतं, मुद्देसूद होतं आणि माझ्या प्रश्नापुरतं बरोबरही होतं. शेवटी 'किडनीचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारा' अशी ओळही होती. मी ती सोडून दिली, कारण माझ्या माहितीप्रमाणे बाबांना किडनीचा आजार नव्हता. क्रिएटिनिनचा कागद फाइलमध्ये होता आणि फाइल कपाटात.

चॅटबॉट म्हणजे भाषेचं मॉडेल. तुम्ही दिलेल्या शब्दांनंतर कोणते शब्द येणं जास्त शक्य आहे यावर ते उत्तर रचतं. तुम्ही जे लिहिलं नाही ते त्याला दिसत नाही. आता मॉडेल उलट प्रश्न विचारायला शिकली आहेत, पण कपाटातली फाइल काढून आणायला ती सांगतील आणि तुम्ही ती आणाल, या दोन्ही गोष्टी घडायला हव्यात. २०२५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ६० वर्षांच्या माणसाची केस आली. त्याला जेवणातलं क्लोराइड बंद करायचं होतं. चॅटजीपीटीशी बोलून झाल्यावर त्याने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरायला सुरुवात केली, तीन महिने. ब्रोमाइडची विषबाधा झाली, भास व्हायला लागले, तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये काढावे लागले. रसायनशास्त्रात क्लोराइडची जागा ब्रोमाइड घेऊ शकतं, स्वयंपाकघरात नाही. समोर माणूस असता तर त्याने पहिल्यांदा विचारलं असतं, 'पण तुम्हाला हे कशाला करायचंय?'

मग डाएटिशियन नक्की काय करतात?

आपल्याला वाटतं, वजन कमी करून देणं. ते एक छोटं काम आहे. त्यांच्या कामाचे ठरलेले चार टप्पे असतात: तपासणं, नेमकी अडचण ओळखणं, उपाय ठरवणं आणि परत परत बघणं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडेही निम्मी प्रोजेक्ट्स पहिल्या टप्प्यात, ग्राहकाला नक्की काय हवंय हे न विचारल्यामुळेच बुडतात.

हॉस्पिटलमधल्या डाएटिशियनचं काम तर आपल्याला दिसतही नाही. नाकातून नळी घातलेल्या पेशंटला दिवसाला किती मिलिलिटर फीड, त्यात प्रथिनं किती, हे त्या ठरवतात. डायलिसिसच्या पेशंटला पाणी किती, फळं कोणती हे सांगतात. शहाळं, आपण आजाऱ्याला पहिल्यांदा नेतो ते, किडनीच्या पेशंटला पोटॅशियममुळे घातक ठरू शकतं. कमरख, म्हणजे ते पाच कडांचं आंबट फळ, तर किडनी निकामी असलेल्यांच्या मेंदूवरही परिणाम करतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण आज ढीगभर आणि उद्या अजिबात नाही असं चालत नाही, रोज साधारण सारख्या लागतात. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जीव जाऊ शकतो, म्हणून तिथे हळूहळू वाढवतात. यातलं काहीही 'कॅलरी शिल्लक' या रकान्यात बसत नाही.

बाबांना त्यांनी जे दिलं ते अर्ध्या पानावर मावलं.

• संध्याकाळची गोळी घ्यायची तर रात्री एक भाकरी खायचीच. पोट भरलेलं असेल तरी. गोळीचा डोस डॉक्टर ठरवतील. (डॉक्टरांनी नंतर तो कमी केला. डाएटिशियन औषध बदलत नाहीत, पण कुठे बदलायला हवं हे त्यांच्या लक्षात येतं.)

• महिन्याला तेल तीन लिटरऐवजी दोन. एकदम एक लिटरवर नाही. "वहिनी चिडतील आणि महिन्याभरात परत तीन होईल," असं त्यांनीच सांगितलं.

• दुकानात चार ऐवजी दोन कटिंग, बिनसाखरेचे, बिस्किटांऐवजी फुटाणे.

• रात्रीचं जेवण १० ऐवजी साडेआठला. दुकान ९ ला बंद होतं, म्हणून डबा दुकानात.

• एकादशीला काय करता? बाबा दोन्ही एकादशा करतात. "उपवासाच्या आदल्या दिवशी गोळ्यांचं डॉक्टरांना विचारायचं. साबुदाण्याची खिचडी अर्धी वाटी, बरोबर दही, आणि दिवसभर उपाशी राहून रात्री फराळ असं करायचं नाही."

• बी-१२ तपासा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं आणि आमचं घर शाकाहारी.

किन्वा नाही, अॅव्होकॅडो नाही. दर तीन आठवड्यांनी परत बोलावलं आणि प्रत्येक वेळी आधीच्यातलं काय जमलं नाही ते विचारलं. डबा दुकानात नेणं पहिल्या महिन्यात जमलंच नाही. मग शेजारच्या पोराबरोबर पाठवायचं ठरलं. तीन महिन्यांत वजन ७४ वरून ७१ झालं, आणि पहाटेचा तो प्रकार पुन्हा झालेला नाही.

बीएमआयचं हिरवं वर्तुळही बघून घ्या

बाबांचा बीएमआय २६.२. परदेशी सेटिंग असलेल्या ॲपमध्ये २५ ते ३० म्हणजे 'थोडं जास्त वजन', पिवळा रंग. पण भारतीयांमध्ये कमी वजनालाही पोटावर चरबी आणि डायबेटीस दिसतो, म्हणून इथले डॉक्टर २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तुमचा बीएमआय २४ असेल आणि ॲप हिरवं दाखवत असेल तर ते कोणती मर्यादा वापरतंय हे सेटिंगमध्ये शोधा.

डाएटिशियन की न्यूट्रिशनिस्ट की इन्फ्लुएन्सर?

आपल्याकडे इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये 'न्यूट्रिशनिस्ट' कुणीही लिहितं. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही आणि अन्नशास्त्रात एमएससी केलेलीही. साधारण फरक असा की डाएटिशियन आजारी माणसांच्या आहारावर काम करायला शिकलेले असतात आणि त्यासाठी हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप करतात. न्यूट्रिशनिस्ट शाळा, खेळाडू, सरकारी योजना, अन्न उद्योग अशा ठिकाणीही काम करतात. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा पास झालेल्यांना 'रजिस्टर्ड डाएटिशियन' म्हणतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघांचाही समावेश आहे.

निवडताना तीन गोष्टी बघा. शिक्षण काय आणि कुठलं, हे सरळ विचारा. चांगले लोक रागावत नाहीत. पहिल्या भेटीत रिपोर्ट आणि औषधं विचारली का? आणि सल्ल्याबरोबर स्वतःचीच पावडर विकायला काढली का? काढली असेल तर उठा. खासगी फी परवडत नसेल तर मोठ्या सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये आहार विभाग आहे का, याची चौकशी करा.

मग ॲप काढून टाकायचं का?

मी काढलं नाही, वापर बदलला. फोन तीन कामं खरंच चांगली करतो.

पहिलं, फोटोची डायरी. आठवडाभर जे खाल ते खाण्याआधी फोटो काढा, चहा आणि बिस्किटासकट. कॅलरी बघू नका. वेळ आपोआप नोंदली जाते. हा अल्बम डाएटिशियनला दाखवला की उजळणीत विसरलेलं सगळं सापडतं.

दुसरं, एक नोट. औषधांची नावं, डोस, वेळा, शेवटच्या रिपोर्टचे आकडे, आणि घरी तेल, साखर, मीठ महिन्याला किती लागतं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एक.

तिसरं, आठवण. गोळीची आठवण लावताना त्यातच 'जेवलात का?' असं लिहा. बाबांच्या फोनमध्ये मी तेच लिहिलंय.

चॅटबॉटला डाएट प्लॅन मागण्याऐवजी असं विचारा: 'माझ्या वडिलांना अमुक आजार आहेत, अमुक औषधं आहेत. डाएटिशियनकडे जाताना काय काय माहिती नेऊ आणि कोणते प्रश्न विचारू?' हे काम ते छान करतं. फक्त नाव, फोन नंबर, रिपोर्टचा फोटो टाकू नका. डॉक्टर किंवा डाएटिशियनकडे तुमची माहिती गुप्त ठेवणं हे त्यांच्या पेशाचं बंधन आहे. ॲपकडे फक्त ती लांबलचक पॉलिसी असते, जी मी वाचली नव्हती.

आणि स्वतःबद्दल एक. तुम्ही विशीत आहात, आजार काही नाही, तर कॅलरी मोजून काही दिवस बघायला हरकत नाही. भाकरीत किती, वडापावात किती, याचा अंदाज येतो. पण ॲपमध्ये भरता येत नाही म्हणून मित्रांबरोबर जेवण टाळायला लागलात, किंवा लाल आकडा बघून दुसऱ्या दिवशी उपाशी राहायला लागलात, तर ॲप बंद करा आणि कुणाशी तरी बोला. तेव्हा ते तुम्हाला हिरवी टिक देत असेल, आणि ती चुकीची असेल.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा 'गोड कमी करा' म्हणू नका. 'रात्रीची गोळी कुठली आहे आणि ती घेतल्यावर काय खाता?' एवढं विचारा. मी ते चार वर्षं उशिरा विचारलं.